जत्रेचं मटण, लग्नाची हळद आणि ख्रिस्ती माणसाची मोकळीक

प्रश्न मिरजेहून आला आहे. विचारणारी मुलगी २४ वर्षांची, दवाखान्यात नर्स. घर तासगाव तालुक्यातल्या एका खेड्यात, घराणं चार पिढ्यांचं ख्रिस्ती. तिचं म्हणणं थोडक्यात असं: "ख्रिस्ताने आपल्याला मोकळं केलं, हे लहानपणापासून ऐकते. पण गावच्या जत्रेला शेजारी जेवायला जायचं नाही, मैत्रिणीच्या हळदीला जायचं नाही, आणि लग्न ठरायच्या आत मंडळीचं, म्हणजे चर्चचं, पूर्ण सभासदत्व घेऊन टाकायचं, असं मंडळीचे पंच आणि पप्पा सांगतात. सभासदत्व घ्यावं इतकी माझी अजून खात्री झालेली नाही. पाळकसाहेब, यात माझी निवड कुठं आहे?"

मुली, जेवणापासून सुरू करतो. त्यावर प्रेषित पौलाने नव्या करारातल्या पत्रांत इतकं सविस्तर लिहून ठेवलंय की तुझ्या पंचांनी ते एकदा शांतपणे वाचलं असतं, तर तुला मला विचारावंच लागलं नसतं.

मी ३४ वर्षं पाळकपण केलं, सुरुवातीची साताऱ्याच्या बाजूला, उरलेली सांगली-मिरजेच्या. एवढ्या वर्षांत मला सगळ्यात जास्त वेळा विचारला गेलेला प्रश्न त्रैक्याचा नव्हता की पुनरुत्थानाचा नव्हता. जत्रेचं मटण खायचं का, हा होता. आपल्याकडं जत्रेच्या दिवशी गावात एकही चूल थंड नसते. पै-पाहुणे येतात, बोकड पडतं, रात्री उशिरापर्यंत पंगती उठतात. आपलं घर गावाच्या कडेला असलं तरी शेजार आहेच. डबा येतो, नाहीतर बोलावणं येतं. आता यात एक गोष्ट पंचांच्या ध्यानात राहत नाही. जो आज "या जेवायला" म्हणतोय, त्याच्या आजोबाने आपल्या आजोबाला पंगतीत बसू दिलं नव्हतं. दोन पिढ्या गेल्यावर तो स्वतः दारात येऊन बोलावतोय, आणि आपण त्याला म्हणायचं, आमच्यात चालत नाही?

ग्रीसमधल्या करिंथच्या मंडळीपुढं हाच पेच होता. बंदराचं शहर, जागोजागी देवळं, आणि देवळात बळी दिलेल्या जनावरांचं उरलेलं मांस बाजारात विकायला. मंडळीत दोन तट पडले. एक म्हणे, मूर्ती म्हणजे काहीच नाही, बिनधास्त खा. दुसऱ्याच्या घशाखाली घास उतरेना. पौलाने त्यांना लिहिलेल्या पहिल्या पत्रात आठव्यापासून दहाव्या अध्यायापर्यंत हा विषय चालवला आणि त्याचे तीन प्रसंग वेगवेगळे केले. देवळात बसून त्या पूजेचा भाग म्हणून जेवणं: नाही. प्रभूचं मेज आणि ते मेज, दोन्हीकडं बसता येत नाही. बाजारात जे विकतात ते: खा, चौकशी करत बसू नका. विश्वास न ठेवणाऱ्या कुणी घरी जेवायला बोलावलं आणि जावंसं वाटलं: जा, पुढ्यात वाढतील ते खा, इथंही चौकशी नको. फक्त कुणी मुद्दाम सांगितलं की हे नैवेद्याचं आहे, तर खाऊ नका. आणि तेही स्वतःच्या मनासाठी नाही, सांगणाऱ्याच्या मनासाठी.

यातला 'जावंसं वाटलं तर' हा तुकडा मला फार आवडतो. जाणं न जाणं त्याने तुझ्यावर सोडलंय. दोन हजार वर्षांपूर्वीचं पत्र आहे हे, आणि आपल्या मंडळीचे ठराव त्याच्या अलीकडचे असून त्याच्याहून जुनाट वाटतात.

तेव्हा शेजाऱ्याच्या ओसरीवर तांबडा रस्सा ओरपलास म्हणून तुझा विश्वास बाटत नाही. देवळात बळीच्या पूजेला हात जोडून उभं राहणं वेगळं, ते करू नकोस. या दोहोंमधली रेघ ओळखायला तुला पंच लागत नाहीत.

आता पंच एक वचन तुझ्या तोंडावर मारतील. ते मला पाठ आहे, कारण मीही ते मारलेलं आहे: तुझ्या मोकळिकीने दुर्बळ भावाला ठेच लागू नये. वचन खरं आहे. वापर खोटा आहे. पौलाचा दुर्बळ भाऊ म्हणजे परवापर्यंत त्या मूर्तीपुढं बसणारा, नवा विश्वासू. दुसऱ्याचं बघून तो आपल्या मनाविरुद्ध खाईल आणि मग आतून मोडेल, ही पौलाची काळजी आहे. तीस वर्षं पहिल्या बाकावर बसणारे, हिशेबाची वही सांभाळणारे पंच दुर्बळ नव्हेत. ते नाराज आहेत. नाराज होणं आणि ठेच लागणं यात फरक आहे, आणि आपल्या मंडळ्यांतली निम्मी भांडणं हा फरक पुसल्यामुळं होतात.

शिवाय त्या आठव्या अध्यायाचा शेवट बघ. पौल म्हणतो, माझ्या भावाला अडखळण होत असेल तर मी कधीही मांस खाणार नाही. 'मी' म्हणतो. तुम्ही खाऊ नका असा ठराव त्याने केला नाही. माझं सगळं उत्तर खरं तर या एका शब्दात आहे. ज्याचा हक्क आहे त्यानेच तो सोडायचा असतो, प्रेमापोटी, आपणहून. दुसऱ्याने तो सोडायला लावला की ती वसुली झाली. पंच तुला सांगू शकतात, समजावू शकतात, तुझ्यासाठी प्रार्थना करू शकतात. तुझ्या वतीने प्रेम करू शकत नाहीत.

हळदीचं सांगतो. इथं माझाच गुन्हा आहे.

पहिलीच मंडळी होती, वय तिशीच्या आत, डोक्यात पुस्तकं. मंडळीतल्या एका घरात मुलाचं लग्न निघालं. आदल्या रात्री बायकांनी नवऱ्याला हळद लावली, गाणी म्हटली, हसल्या-खिदळल्या. त्यात ना भटजी होता ना देवक. पण कुणीतरी येऊन मला सांगितलं आणि मी पेटलो. पंचांची सभा बोलावली आणि त्या सगळ्या घराला तीन महिने प्रभुभोजन, म्हणजे येशूच्या आठवणीत वाटतात ती भाकर आणि द्राक्षरस, बंद केलं. नियमात बसत होतं. ते घर मंडळीतून उठलं ते उठलंच. काही वर्षांनी त्या घरचा कर्ता माणूस वारला, तेव्हा दफनाला त्यांनी दुसऱ्या गावचा पाळक आणला. मला कळवलंही नाही.

पुढं माझी बदली सांगलीला झाली. मार्केट यार्डात हळदीचे सौदे निघतात तिथून रोज सायकलवरून जायचो. हरिपुरात जमिनीच्या पोटात पेवं असत, त्यात हळद साठवून ठेवत. माझ्याच मंडळीतली माणसं यार्डात हळदीची पोती उचलायची. रविवारी उपासनेला यायची तेव्हा नखांत पिवळं दिसायचं. एका रविवारी प्रभुभोजनाची भाकर वाटताना ती पिवळी बोटं पुढं आली आणि मला ते घर आठवलं. कुठली हळद मी पापाची ठरवली होती, हे माझं मलाच सांगता येईना.

मग एकदा त्या गावी गेलो. त्या घरच्या बाईंनी चहा दिला. उसाच्या बिलावर बोलणं झालं, नातवाच्या ॲडमिशनवर झालं. मी माफी मागितली तेव्हा म्हणाल्या, "झालं ते झालं, पाळकसाहेब." मंडळीत मात्र त्या परत आल्या नाहीत.

पौलाने गलतीकरांना, म्हणजे गलतिया प्रांतातल्या मंडळ्यांना, लिहिलेलं पत्र मी त्यानंतर नव्याने वाचलं. तिथं खाण्याचा नव्हे, सुंतेचा वाद आहे. ख्रिस्तावर विश्वास ठेवलात ते ठीक, पण यहुदी रीतही पाळलीच पाहिजे, असं सांगणारे मागाहून आले होते. पौल इतका चिडतो की अंत्युखियात येशूच्या थोरल्या शिष्याला, पेत्राला, सगळ्यांदेखत खडसावल्याचं सांगून टाकतो. पेत्राचं चुकलं काय होतं? तो परराष्ट्रीयांबरोबर, म्हणजे यहुदी नसलेल्यांबरोबर, जेवत होता, आणि यरुशलेमची माणसं आल्यावर पंगतीतून उठला. एवढंच. पंगतीतून उठणं म्हणजे काय हे आपल्या लोकांना कुणी समजावून सांगायची गरज नाही. म्हणून त्या पत्राचा पाचवा अध्याय आपल्याला करिंथपेक्षाही जवळचा वाटायला हवा: ख्रिस्ताने स्वातंत्र्यासाठी मोकळं केलंय, पुन्हा जोखडात मान घालू नका. आणि लगेच पुढं, ही मोकळीक देहाच्या चैनीला निमित्त करू नका, प्रीतीने एकमेकांची सेवा करा. तरुण संघातली मुलं पहिलं वाक्य फळ्यावर लिहितात, पंच दुसरं. पत्र एकच आहे.

आता सभासदत्व. तुझ्या तीन गोष्टींत खरी जड हीच.

तुझा बाप्तिस्मा तू पाळण्यात असताना झाला. तो तुझ्या आई-वडिलांच्या विश्वासावर झाला, तुला कुणी विचारलं नाही, आणि त्यात काही चुकलं असं मी म्हणणार नाही. आईचं दूधही कुणी विचारून पाजत नाही. म्हणूनच तर पूर्ण सभासदत्वाचा विधी आहे. त्या दिवशी मंडळीसमोर तुला उभं करून विचारतात, आणि उत्तर 'मी' ने सुरू होतं. ते उत्तर पप्पांच्या सोयीसाठी द्यायचं असेल तर विधी कशाला? रजिस्टरला सही पुरली असती.

जुन्या करारातल्या यहोशवाचं वचन आपल्या घराघरांत भिंतीवर असतं: मी आणि माझं घराणं परमेश्वराची सेवा करणार. तुमच्याही बैठकीत असेल. त्याच्या आधीचा अर्धा भाग कुणी फ्रेम करत नाही. कोणाची सेवा करणार हे आज तुम्हीच ठरवा, असं तो आधी लोकांना म्हणतो.

येशूचं स्वतःचं वागणं बघ. श्रीमंत तरुण आला, असेल ते सगळं विकून टाक म्हटल्यावर खिन्न होऊन निघून गेला. मार्क आपल्या शुभवर्तमानात लिहितो की येशूने त्याच्याकडं बघितलं आणि त्याला त्याच्याबद्दल प्रेम वाटलं. मागं धावल्याचं लिहीत नाही. योहानाच्या शुभवर्तमानाच्या सहाव्या अध्यायात शिकवण कठीण वाटून पुष्कळ शिष्य सोडून जातात, तेव्हा तो बारा जणांकडं वळून विचारतो, तुम्हालाही जायचंय का? मी पाळक असताना मंडळीतली चार घरं उठून दुसरीकडं गेली की माझी झोप उडायची. असा प्रश्न उरलेल्यांना विचारायची छाती मला कधी झाली नाही.

आपल्या मराठी ख्रिस्ती घरातलीच उदाहरणं घे. कवी नारायण वामन टिळकांनी १० फेब्रुवारी १८९५ ला मुंबईत बाप्तिस्मा घेतला. लक्ष्मीबाईंनी नवऱ्यापाठोपाठ घेतला नाही. आधी दुरावा, मग एकत्र राहूनही आपलं सोवळं-ओवळं सांभाळणं, आणि मग एकेक गाठ स्वतःच्या विचाराने सोडवत पाचएक वर्षांनी त्या आल्या. 'स्मृतिचित्रे'त त्यांनी हे इतक्या मोकळेपणाने आणि स्वतःला हसत सांगितलंय की तू ते वाचलं नसशील तर आधी वाच, मग माझं. त्या काळात बायकोने नवऱ्याच्या मागं जाणं हेच रीतीचं होतं. थांबणं हीच त्यांची निवड होती, आणि त्या थांबण्याला कुणी अविश्वास म्हणू नये.

पंडिता रमाबाईंचं तर वेगळंच. १८८३ मध्ये इंग्लंडात वाँटेजला बाप्तिस्मा घेतला, आणि दोन वर्षं होत नाहीत तोवर ज्यांच्या आश्रयाला होत्या त्या मठातल्या बहिणींशी, म्हणजे नन्सशी, मतावरून वाद घातला. एका पुरोहितवर्गाचं जू मोठ्या कष्टाने उतरवलं ते दुसऱ्याचं मानेवर घ्यायला नाही, या अर्थाचं त्यांनी पत्रात कळवलं. आश्रय परक्याचा, मुलगी लहान, देश दूर. तरी वाकल्या नाहीत, आणि ख्रिस्ताला सोडलंही नाही. चर्चला नाही म्हणणं आणि ख्रिस्ताला नाही म्हणणं एकच, असं ज्यांना वाटतं त्यांनी केडगावला, रमाबाईंच्या मुक्ती मिशनला, जाऊन यावं.

आणि सातारा. टिळकांची शेवटची वर्षं तिथली. १९१७ मध्ये मिशनची नोकरी सोडून त्यांनी 'देवाचा दरबार' मांडला, त्यात बाप्तिस्मा झालेले आणि न झालेले असे दोन्ही ख्रिस्तशिष्य एकत्र यावेत ही कल्पना. १९१९ च्या मे महिन्यात ते गेले, आणि तो दरबार फार पुढं गेला नाही. मी साताऱ्यात असताना त्याचा विचार माझ्या मनात पुष्कळदा येई, त्याला कारण होतं. उपासनेला मागच्या बाकावर येऊन बसणारी, बायबल रोज वाचणारी, पण बाप्तिस्मा न घेतलेली माणसं मला तिथं भेटत. एकाने मला सरळ सांगितलं, "पाळकसाहेब, जातीचा दाखला जाईल." १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जातीचा दर्जा आधी हिंदूंपुरता ठेवला, १९५६ मध्ये शीख आणि १९९० मध्ये बौद्ध त्यात आले, ख्रिस्ती आले नाहीत. घटनेच्या २५ व्या कलमात विवेकाचं स्वातंत्र्य आहे, आणि या माणसाच्या निवडीला मुलाच्या फीची किंमत आहे. मंडळीतले काही जण त्याला भेकड म्हणत. ज्यांचे दाखले गेले तरी पगार शाबूत होते, तेच जास्त म्हणत. मी नाही म्हटलं. तो काय मानतो ते देव जाणत होता, आणि मलाही थोडंफार कळत होतं.

इथवर वाचून एखादा जुना शब्बाथशाळेचा मास्तर विचारील: आपण प्रेस्बिटेरियन वळणाचे, कुणाचं तारण व्हायचं ते देवाने आधीच नेमून ठेवलंय असं मानणारे, मग निवड कसली? प्रश्न चांगला आहे, त्यावर मोठी माणसं भांडली आहेत. १५२४ मध्ये डच पंडित इरास्मसने मानवी इच्छा स्वतंत्र आहे असं लिहिलं, पुढच्या वर्षी जर्मन धर्मसुधारक ल्यूथरने ती बांधलेली आहे असं सडेतोड उत्तर दिलं. त्याच ल्यूथरने १५२० मध्ये ख्रिस्ती माणूस कुणाचाही ताबेदार नाही आणि सगळ्यांचा सेवक आहे, असं दोन्ही एका श्वासात सांगितलं होतं. १६१८-१९ मध्ये नेदरलँड्समधल्या डॉर्टच्या सभेत, माणसाच्या निवडीला जागा आहे म्हणणाऱ्या आर्मिनियसच्या अनुयायांना बाजूला काढण्यात आलं. मला विचारशील तर मी ल्यूथरच्या बाजूचा. दारूच्या गुत्त्यापुढं उभा राहिलेला माणूस निवड करत नसतो. गुत्ता त्याला निवडून बसलेला असतो. तो सुटल्यावरच त्याला निवडता येतं, आणि सोडवणारा बाहेरून यावा लागतो. पण गंमत बघ, देवाच्या नेमणुकीवर सगळ्यात कडक बोलणारं इंग्लंडातल्या वेस्टमिन्स्टरचं विश्वासपत्र, १६४६ चं, त्याच्याच २० व्या प्रकरणात म्हणतं की विवेकबुद्धीचा धनी एकटा देव आहे, आणि वचनाविरुद्ध किंवा वचनाबाहेर माणसांनी घातलेल्या शिकवणीतून आणि आज्ञांतून त्याने ती मोकळी ठेवलीय. ज्या परंपरेत तुझे पंच पंच झाले तिचंच हे म्हणणं. देवाने धरलंय, म्हणून माणसाने धरायचं नाही.

लग्नाचं तू थेट विचारलं नाहीस, पण पप्पांची घाई त्याचीच दिसते. १८७२ च्या ख्रिस्ती विवाह कायद्याला तुझं पूर्ण सभासदत्व लागत नाही; ख्रिस्ती धर्म मानणारी व्यक्ती एवढीच त्यातली व्याख्या. सभासदत्वाची अट असलीच तर ती मंडळीची आहे, आणि मंडळीला आपली शिस्त ठेवायचा हक्क आहे, हेही मी मानतो. पण ती अट पुरी करायला तू मंडळीसमोर खोटं बोलावंस, असं कुठलाही शहाणा पाळक म्हणणार नाही. तुझ्या पाळकांना एकटी जाऊन भेट. पंचांच्या सभेत नको, त्यांच्या घरी. "मला सभासदत्वाच्या वर्गाला बसायचंय, पण शेवटी हो म्हणेनच असं नाही," एवढं सांग. मी असतो तर आनंदाने घेतलं असतं. शंका घेऊन वर्गाला बसणारी मुलं मला नेहमी बरी वाटली. पाठ करून येणाऱ्यांचं पुढं काय झालं ते मला ठाऊक आहे.

उपासनेला येणं सोडू नकोस. सभासद नाही म्हणून बाक कुणी काढून घेत नाही. गाणी म्हण, महिला मंडळाच्या भाकऱ्यांना हात लाव, नाताळाच्या नाटकात मुलांना उभं कर. अजून सभासद नाहीस, म्हणून प्रभुभोजनाच्या रविवारी ताट बाकावरून फिरत तुझ्यापर्यंत आलं की शेजारणीकडं सरकव. कुणीतरी बघेल, कुणी कुजबुजेल. त्या आधी शनिवारी रात्री पप्पांना शांतपणे सांगून ठेव, म्हणजे त्यांना ते मागच्या बाकावरच्या माणसाकडून कळणार नाही.